अण्णांची मोटरसायकल आणि फिरोदियांची रिक्षा

आजचा भाग अर्धा घरचा आहे आणि अर्धा इतिहासाचा. हेडफोन लावून ऐकत असाल तर ठीक, आणि इथे वाचत असाल तर बोलण्याच्या ओघातली भाषा सांभाळून घ्या. फार साफसूफ केलेली नाही.

मी नसरापूरचा. पुणे-सातारा हायवेवर चेलाडी फाट्याला उतरलं की वेल्ह्याकडे जो रस्ता जातो, त्या रस्त्यावरचं आमचं गाव. बनेश्वरला आला असाल तर आमच्या गावातूनच गेला असाल. बीटेक करून मी आता हिंजवडीत कोड लिहितो. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णांची चार म्हशी आणि थोडी शेती. आयुष्यभर त्यांनी एकच काम न चुकता केलं, ते म्हणजे सकाळ-संध्याकाळ दुधाच्या किटल्या डेअरीवर पोचवणं.

काही वर्षांपूर्वी शुगरमुळे अण्णांचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. पुढे जयपूर फूट बसवला, चालायला लागले, म्हशीही बघायला लागले. आणि एक दिवस मला म्हणाले, "माझी गाडी चालवता येईल अशी करून दे. तू इंजिनिअर हाय ना?"

गाडी म्हणजे त्यांची शंभर सीसीची साधी मोटरसायकल. मला वाटलं, त्यात काय एवढं? दोन बाजूंना दोन चाकं लावायची, पायातला गिअर हातात आणायचा. एका वीकेंडचं काम. शनिवारी सकाळी गाडी ढकलत फाट्यावरच्या गॅरेजला नेली. मिस्त्री गाडीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. म्हणाले, "सायेब, ही गाडी अशी बदलायसाठी बनवलेलीच न्हाय."

मला राग आला होता, खरं सांगतो. पण मिस्त्रींनी मला खाली बसवून एकेक गोष्ट दाखवली.

पहिलं, मागचं चाक ज्यात बसतं तो चिमटा. पुस्तकात त्याला स्विंग आर्म म्हणतात, गॅरेजात चिमटा. तो वर-खाली हलतो म्हणून शॉकअपला अर्थ आहे. बाजूची चाकं चिमट्याला जोडली, तर कुठल्याही एका चाकाला धक्का बसला की सगळा पीळ त्या पातळ पाइपवर येणार. तो पाइप वर-खालीचा भार घ्यायला बनवलाय, पीळ सोसायला नाही. चाकं चिमट्याऐवजी चासीला जोडायची, तर त्यांना स्वतःचे शॉकअप हवेत, आणि ते बसवायला चासीवर जागाच नाही.

दुसरं, वळण. दुचाकी आपण झुकवून वळवतो. हँडल फारसं फिरवत नाही, अंग झुकवतो. बाजूला दोन चाकं आली की गाडी झुकणार नाही. मग वळताना ती बाहेरच्या बाजूला कलंडायला बघणार. वेग जास्त असेल तर आडवीच.

तिसरं, गिअर. पायाचा गिअर सळई जोडून हातात आणता येतो. पण हात कुठला? उजव्या हातात अॅक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक, डाव्या हातात क्लच. क्लच दाबून धरायचा आणि त्याच हातानं गिअरही टाकायचा, हे जमणार कसं? आणि जयपूर फूटला लिव्हर जाणवत नाही. पाय आहे, पण गिअर पडला की नाही हे पायाला कळत नाही.

चौथं माझ्या लक्षात आलं नव्हतं, ते अण्णांनीच सांगितलं. आमच्या गोठ्याकडे जायला बैलगाडीची चाकोरी आहे. दोन बाजूंना दोन खोल चाकोऱ्या, मधे गवताचा उंचवटा. मोटरसायकल एका चाकोरीतून सुखात जाते. तिला बाजूची चाकं लावली की एक चाक चाकोरीत, एक उंचवट्यावर आणि इंजिनचं चाक हवेत गरगर.

मिस्त्री शेवटी म्हणाले, "वेल्डिंग मारून देईन मी. पण तुमच्या वडलांना त्याच्यावर बसवू नका."

त्या रात्री मी आमच्या धंद्यात जे करतो तेच केलं. कोड चालत नसेल तर आधी कुणी हा प्रश्न सोडवलाय का, ते शोधायचं. आणि शोधता शोधता मी पोचलो थेट 1948 सालात.

आता जरा मागे जाऊया.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा इटलीतली पियाज्जियो कंपनी विमानं बनवायची. कारखान्यावर बॉम्ब पडलेले, विमानांना गिऱ्हाईक नाही. त्यांनी कोराडिनो द'आस्कानियो या विमानाच्या इंजिनिअरला दुचाकी बनवायला सांगितली. या माणसाला मोटरसायकल मुळीच आवडायची नाही. चेन कपडे घाण करते, बसायला टांग टाकावी लागते, चाक पंक्चर झालं की डोक्याला ताप. म्हणून त्यानं 1946 मध्ये वेगळीच गोष्ट बनवली, व्हेस्पा. नेहमीची पाइपची चासी त्यात नव्हती, पत्र्याचं अंग हीच चासी. इंजिन मागच्या चाकाशेजारी. आणि गिअर? गिअर डाव्या हातात, क्लचच्याच मुठीवर. क्लच दाबायचा आणि मूठ पिळायची.

हे डाव्या हाताचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

1948 मध्ये त्याच कंपनीनं व्हेस्पाच्या मागे दोन चाकं आणि माल ठेवायला खोका लावला. नाव ठेवलं आपे. इटालियनमध्ये व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी आणि आपे म्हणजे मधमाशी, कामाची माशी. आज आपल्याकडे गल्लोगल्ली जी आपे दिसते, तिचं मूळ हे. पण ती मालासाठी होती. माणसं बसवायचा विचार त्यात नव्हता.

इथे आपल्या गोष्टीत पुण्याचा माणूस येतो. नवलमल कुंदनमल फिरोदिया, मूळचे अहमदनगरचे, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात जाऊन आलेले. तेव्हाच्या मुंबई सरकारात मोरारजी देसाई गृहमंत्री होते. माणसानं माणसाला ओढून न्यायची रिक्षा बंद व्हावी, असं त्यांचं मत. फिरोदियांच्याही मनात तोच विषय. त्यांच्या वाचनात पियाज्जियोच्या या तीनचाकी मालगाडीबद्दल आलं. त्यांनी ती मागवली आणि तिच्यात माणसं बसतील असा बदल केला. आपण आज जिला नुसतं "रिक्षा" म्हणतो, तिची भारतातली सुरुवात ही.

मला यात दोन गोष्टी भारी वाटल्या.

एक म्हणजे त्यांनी कुठली गाडी निवडली. त्यांच्यासमोर स्कूटर पण होती, बाजारात मोटरसायकली पण होत्या. त्यांनी आधीच तीन चाकांवर उभी असलेली गाडी घेतली. तोल, वळण, मागच्या दोन चाकांना ताकद पोचवणं, हे अवघड प्रश्न इटलीतल्या माणसानं आधीच सोडवून ठेवले होते. फिरोदियांना उरला तो शेवटचा भाग, मालाच्या जागी माणूस.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ते ही गाडी घेऊन सरकारकडे गेले. मोरारजींना दाखवली. परवाना मागितला. बदल त्यांनी दोन ठिकाणी केला, लोखंडात आणि कागदात. तोवर कायद्याच्या भाषेत अशी गाडी नव्हतीच. ती तिथे आणावी लागली.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. बजाजची बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन 1948 पासून या दुचाक्या-तीनचाक्या आयात करत होती. 1959 मध्ये भारतात बनवायचा परवाना मिळाला आणि आकुर्डी रिक्षाचं माहेर झालं. सुरुवातीच्या रिक्षात इंजिन पुढे असायचं. 1977 मध्ये ते मागे गेलं. आजही बजाजच्या रिक्षेला आरई म्हणतात, ते "रिअर इंजिन"चं. फिरोदियांनी 1958 मध्ये बजाज टेम्पो काढली आणि जर्मन तीनचाकी टेम्पो आणली. ते नाव आपल्याकडे इतकं रुजलं की आता कुठल्याही कंपनीची छोटी मालगाडी आपल्याला टेम्पोच.

म्हणजे ज्या जिल्ह्यात बसून मी "गाडी बदलता येत नाही" म्हणून कुरकुरत होतो, त्याच जिल्ह्यात एका बदललेल्या गाडीवर अख्खा उद्योग उभा राहिला होता.

पण बदललेल्या सगळ्याच गाड्यांचं नशीब असं नाही. आता उलटी गोष्ट ऐका.

जुनी बुलेट तुम्ही बघितली असेल. तिच्यात इंजिन वेगळं आणि गिअरबॉक्स वेगळा. दोन डबे शेजारी शेजारी, मधे प्रायमरी चेन. आजच्या गाड्यांत दोन्ही एकाच डब्यात असतात. आता ही वेगळी रचना काही लोकांना बदल करता यावेत म्हणून केलेली नव्हती. ब्रिटिश गाड्या तेव्हा तशाच बनायच्या. पण आपल्या मिस्त्रींना त्यात फट दिसली. इंजिन काढा, गिअरबॉक्स राहू द्या आणि त्याच्यापुढे शेतातल्या पंपाचं, छोट्या जातीचं डिझेल इंजिन बसवा! पेट्रोलची बुलेट अठरा हॉर्सपॉवरची, ही जेमतेम साडेसहा-सातची. पळायची नाही, नुसती धडधडायची. पण डिझेल स्वस्त आणि अॅव्हरेज पेट्रोलच्या दुपटीहून जास्त. शेतकऱ्याला अजून काय पाहिजे? पुढे खुद्द एनफिल्डनेच कारखान्यात डिझेल बुलेट काढली, 325 सीसीची.

मग काय झालं? 2000 सालच्या आसपास धुराचे नियम कडक झाले आणि कंपनीची डिझेल बुलेट बंद पडली. गावोगावच्या मिस्त्रींनी बनवलेल्या बुलेटी तर कागदावर पेट्रोलच्याच होत्या. आरसी बुकात एक इंजिन, गाडीत दुसरंच. लोखंडात बदल झाला, कागदात झाला नाही. अशी गाडी विकता येत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. ती चालते, पण कायद्याच्या दृष्टीनं ती नसतेच.

याच्या मधलाही एक प्रकार आहे, आणि तो आमच्या घरातलाच. बजाज एम-एटी, 1986 साली आली. दिसायला ना स्कूटर, ना मोटरसायकल. पण तिच्या मागच्या बाजूला लोखंडी हूक लावून दोन्हीकडे किटल्या लटकवल्या, की दूधवाल्याला दुसरं काही लागायचं नाही. आमच्या पट्ट्यात वेल्ह्याच्या डोंगरापासून ते कात्रजपर्यंत सकाळी ही गाडी दिसायचीच. ते हूक कंपनीनं दिले नव्हते. गावातल्या वेल्डरनं दिले होते. त्याला कुणी हरकत घेतली नाही, कारण त्यानं गाडीचं अंग बदललं नाही, फक्त ओझं टांगायला जागा झाली.

मी हे सगळं अण्णांना सांगत होतो तेव्हा ते मधेच म्हणाले, "माझ्या एम-एटीला गिअर हातात होता."

मी थांबलोच. खरंच की! एम-एटीचे तीन गिअर डाव्या मुठीवर, स्कूटरसारखे. चाकं मात्र स्कूटरपेक्षा मोठी. टांग न टाकता बसता येतं. डाव्या पायाला काहीच काम नाही. अण्णांना आज जशी गाडी हवी होती, जवळपास तशीच त्यांनी वीस वर्षांपूर्वी भंगाराच्या भावात विकली होती. द'आस्कानियोनं मोटरसायकलवरच्या रागातून गिअर हातात दिला, तो आकुर्डीमार्गे आमच्या गोठ्यापर्यंत आला, आणि आम्ही "जुनी झाली" म्हणून तो घालवला. अण्णा हसले. मला हसू आलं नाही.

आता कायद्याकडे येतो. इथे तरुण मंडळींनी नीट ऐका, कारण सायलेन्सर, हँडल आणि टायर बदलायची हौस आपल्यातच जास्त आहे.

मोटार वाहन कायदा 1988 चा. त्याचं कलम 52 सांगतं की कंपनीनं जे तपशील दिलेत आणि जे आरसीवर आहेत, त्यांच्याशी जुळणार नाही असा बदल मालकानं करायचा नाही. 9 जानेवारी 2019 ला सर्वोच्च न्यायालयानं केरळमधल्या एका खटल्यात हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, संपलं. फिरोदिया आज असते तर त्यांनाही चलन फाडलं असतं!

पण त्याच 2019 च्या दुरुस्तीत आणखी एक गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल कुणी रील बनवत नाही. आधी कायद्यात दिव्यांगांच्या गाडीसाठी जो इंग्रजी शब्द होता, त्याचा सरळ अर्थ "पंगूचं वाहन" असा. तो जाऊन "अॅडॅप्टेड व्हेइकल" आला, म्हणजे गरजेप्रमाणे जुळवून घेतलेलं वाहन. दिव्यांग माणसाच्या वापरासाठी गाडीत बदल करता येतो, आरटीओच्या मंजुरीनं, आणि तो आरसीवर नोंदवला जातो. लायसन्सवरही तशा वाहनाची वेगळी नोंद होते.

हा शब्द कायद्यात यायच्या कितीतरी आधीपासून लोक रस्त्यावर हेच करत होते. 1980 च्या दशकात कायनेटिक होंडा आली, 98 सीसीची, बटनस्टार्ट, बिनगिअरची. शहरातल्या पोरींना आणि काकांना ती सोयीची म्हणून काढलेली. पण पोलिओ झालेल्या कितीतरी लोकांनी तिला बाजूची दोन चाकं लावून आपली केली. किक मारावी लागत नाही, गिअर नाही, दोन्ही ब्रेक हातात. कंपनीनं डोळ्यांसमोर ठेवलेलं गिऱ्हाईक वेगळं होतं, आणि तिच्यामुळे घराबाहेर पडलेला माणूस वेगळा. तेव्हाही काम आधी लोखंडात झालं. कागद मागून आला, पण आला.

आता तुम्ही विचाराल, अण्णांचं काय झालं?

मोटरसायकलचा नाद आम्ही सोडला. फिरोदियांकडून मी तेवढंच शिकलो. बदल करायची हौस असली तरी आधी योग्य गाडी निवडायची. एक बिनगिअरची स्कूटर घेतली. पुण्यात अशी चाकं बसवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये नेली. त्यांनी बाजूच्या चाकांना स्वतःचे शॉकअप दिले. मग संगम पुलाजवळच्या आरटीओत गाडी तपासून घेतली, अण्णांची वैद्यकीय तपासणी, लायसन्स, आरसीवर नोंद. माझ्या सुट्ट्या गेल्या आणि अण्णांचा धीर दोनदा सुटला. "वेल्डिंग मारून मोकळं व्हायला पायजे होतं," असं ते दोनदा म्हणाले. मीही एकदा मनात म्हटलं.

आणि एक गोष्ट सुटलीच नाही, ती पण सांगतो. गोठ्याची चाकोरी. तिथे ही स्कूटर जात नाही. किटल्या गोठ्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत आई नाहीतर धाकटा भाऊ त्याच जुन्या मोटरसायकलवर आणतो, जशी होती तशीच, कुठलंही वेल्डिंग न मारलेली. पुढे डेअरीपर्यंत अण्णा.

पहिल्या दिवशी ते डेअरीवर गेले तेव्हा मी मागून दुसऱ्या गाडीवर होतो. वळणावर त्यांनी सवयीनं अंग झुकवलं. गाडी झुकली नाही. पुढच्या वळणाला त्यांनी वेग कमी केला आणि हँडल फिरवलं. साठीच्या पुढे माणूस गाडी चालवायला नव्यानं शिकत होता. डेअरीवर पोचल्यावर कुणी तरी विचारलं, "काय अण्णा, रिक्षा घेतली का?" अण्णा म्हणाले, "व्हय. पर परमिट हाय आपल्याकडं."

तर मंडळी, तुमच्या घरात कुणाला अशी गरज असेल, तर वेल्डरकडे जायच्या आधी आरटीओत जाऊन विचारा. तीन प्रश्न घेऊन जा. बदलायला योग्य गाडी कुठली? बदल कुणी केलेला चालेल? आणि आरसीवर काय लिहिलं जाईल? वेळ लागतो. पण उद्या काही झालं, तर ती गाडी आणि तिच्यावरचा माणूस दोघंही कागदावर असायला हवेत.

आणि घरात कुणाची जुनी एम-एटी पडून असेल, तर तिची गोष्ट मला नक्की पाठवा. विकू नका म्हणत नाही, पण आधी गोष्ट पाठवा.

जाता जाता एक. परवा बघितलं तर स्कूटरच्या मागे किटलीसाठी लोखंडी हूक लागलेला. मी विचारलं, "अण्णा, हे कधी केलंत? हे आरसीवर नाहीये."

अण्णा म्हणाले, "एम-एटीला पण नव्हतं."

भेटूया पुढच्या भागात. सांभाळून चालवा!